वयाचा दाखला

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी जातो न जातो, तोच आमच्या वऱ्हाडात लग्नांची बोलणी सुरू होतात. कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचे लग्न लागले, की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी. त्याच सुमारास पहिल्या वेच्याचा कापूस घरात आलेला असतो आणि हातात चार पैसे खुळखुळत असतात. मग अखाजीपर्यंत अमरावती-अकोल्याच्या मुलखात मांडवांना खंड नसतो. तेव्हा दिवाळीच्या अंकात मुलींच्या लग्नाच्या वयाचा इतिहास सांगायला घेतला, तर वाचकांनी तो अप्रस्तुत मानू नये. फराळाच्या ताटात एखादी कारल्याची फोड असावी, इतपतच कडूपणा त्यात आहे.

सारडा कायद्याचे नाव शाळेच्या पुस्तकातून सर्वांच्या कानांवरून गेलेले असते. १९२९ साली तो मंजूर झाला आणि अजमेरच्या हरबिलास सारडांचे नाव त्याला कायमचे चिकटले. परंतु या कायद्यासाठी ज्या समितीने देशभर साक्षी गोळा केल्या, तिचे अध्यक्ष अमरावतीचे एक वकील होते, ही गोष्ट खुद्द अमरावतीतही थोड्यांनाच ठाऊक असते. आजची ही कथा त्या वकिलांची आहे. पण केवळ त्यांचीच नाही.

प्रथम थोडे मागे जाऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढे आगगाडी आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना आमच्या कापसाची गरज पडली, आणि खामगाव, अकोला, अमरावती या बाजारपेठांना पैशाचे तोंड दिसले. पैसा आला की मान हवासा वाटतो, आणि मान मिळवायचा तर वरच्या म्हटल्या जाणाऱ्या घरांच्या रीती उचलणे हा सोपा मार्ग. कुणबी, माळी आदी समाजांत विधवेला पाट लावण्याची मोकळीक पूर्वापार होती; परंतु ऐपत वाढली तसे कित्येक घराण्यांना पाट कमीपणाचा वाटू लागला आणि पाळण्यातले लग्न भूषणाचे. जी रीत बाईच्या सोयीची होती ती गेली, आणि जी तिच्या मुळावर येणारी होती ती राहिली.

या दुटप्पीपणाला पहिला सडेतोड जाब विचारला तो वऱ्हाडातल्याच एका बाईने. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्याला छापले गेले. किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या कचेरीत नोकरीला. मुलीला त्यांनी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकविलेले. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला, तिला शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे उडू लागले. त्या संतापातून ताराबाईंनी लेखणी उचलली. विधवा एवढ्या तरुण का असतात, हा त्यामागचा खरा प्रश्न. आठ-दहा वर्षांच्या मुलीला चाळिशीच्या बिजवराला द्यायचे आणि तो गेला की पापपुण्याचा हिशेब तिच्याकडे मागायचा, हा व्यवहार ताराबाईंना सहन होण्याजोगा नव्हता. पुस्तकावर बरीच टीका झाली. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७५ साली, स. गं. मालशे यांनी ते नव्याने प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे महाराष्ट्राला आपल्या या लेकीची ओळख पटली.

ताराबाईंच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी नांदण्यासाठी दावा लावला. अकराव्या वर्षी, माझी समज नसताना लागलेले लग्न मला बंधनकारक नाही, अशी भूमिका या तरुणीने घेतली आणि तुरुंगात जायची तयारी दाखविली. सारा देश त्या खटल्याने ढवळून निघाला. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. सरकारने मात्र लग्नाच्या वयाला हात लावला नाही. ते संमतिवयाच्या आडवाटेने गेले. पीनल कोडाने १८६० साली विवाहित मुलीचेही संमतिवय दहा ठरविले होते. १८९१ मध्ये ते बारा केले. एवढ्या दोन वर्षांसाठी पुण्या-मुंबईत जे रणकंदन माजले ते प्रसिद्धच आहे. एका बाजूला रानडे, भांडारकर, तेलंग. दुसऱ्या बाजूला टिळक. लोकांच्या घरात परक्या सरकारने शिरू नये, हा टिळकपक्षाचा मुद्दा. त्यात स्वाभिमान होता हे मान्य करू. पण त्या घरात दहा वर्षांची जी मुलगी होती, तिला कोणी विचारले नाही.

हे वादळ वऱ्हाडात आले ते १८९७ च्या डिसेंबरात. त्या वर्षी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीला भरले. सी. शंकरन नायर अध्यक्ष, आणि स्वागताचा भार दादासाहेब खापर्ड्यांवर. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. वर्ष दुष्काळाचे होते, प्लेगचेही होते. त्याच अमरावतीत सामाजिक परिषदेपुढे न्यायमूर्ती रानडे बोलायला उभे राहिले. विषय होता पुनरुज्जीवन की सुधारणा. जुने तेच पुन्हा आणू म्हणणाऱ्यांना रानड्यांनी अगदी शांतपणे विचारले, की नेमके कोणते जुने आणायचे? विवाहाचे आठ प्रकार, त्यात मुलगी पळवून नेण्याचा प्रकारही आला, नियोग, बारा प्रकारचे पुत्र, यांतले काय काय परत हवे आहे? समाज हा जिवंत देह आहे, त्यातले मेलेले पेशीजाल परत जगत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. बाहेरून कायदा लादण्याआधी आतली समजूत बदलली पाहिजे, आणि चालत आलेल्या अन्यायाला मुकाट्याने मान तुकविण्याची सवय मोडली पाहिजे, हे त्यांचे सूत्र. हे भाषण आजही भारतीय समाजसुधारणेच्या इतिहासात मानाने उल्लेखिले जाते.

आता आपल्या वकिलांकडे येऊ. मोरोपंत विश्वनाथ जोशी हे अमरावतीचे नामांकित वकील, मवाळ पक्षाचे पुढारी. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारात ते गृहमंत्र्याच्या जागेवरही होते, आणि 'सर' ही पदवी त्यांना मिळालेली. त्यांच्या पत्नी यशोदाबाई १८६८ सालच्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचेही लग्न लहानपणीच झालेले. पुढे त्या अमरावतीतल्या स्त्रियांच्या कामात पुढे आल्या, आणि 'आमचा जीवनप्रवास' हे त्यांचे आत्मकथन आपल्याला वाचायला मिळते. बालविवाहाचा प्रश्न मोरोपंतांनी केवळ फायलींतून पाहिलेला नव्हता, एवढे यावरून ध्यानात यावे.

१९२८ साली सरकारने संमतिवयाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. निमित्त होते आमच्याच प्रांतातले विधिज्ञ डॉ. हरिसिंग गौर यांनी कायदेमंडळात आणलेल्या विधेयकाचे. मधल्या काळात, १९२५ साली, विवाहित मुलीचे संमतिवय बारावरून तेरा झाले होते. गौरांना ते आणखी वाढवून हवे होते. सारडांचे बालविवाहाचे विधेयकही त्याच सुमारास पुढे येऊन थांबलेले होते. त्यात कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईच्या १९२७ सालच्या पुस्तकाने हिंदुस्थानची जगभर बदनामी मांडलेली, त्यामुळे सगळ्यांचीच मने दुखावलेली. अशा वेळी मोरोपंतांना अध्यक्ष केले गेले. समितीत रामेश्वरी नेहरू आणि एक स्त्री-डॉक्टर अशा दोन महिला होत्या, हे त्या काळात विशेषच. समिती प्रांतोप्रांती हिंडली. वैद्य, शास्त्री, मौलवी, वकील, शिक्षिका, अशा शेकडो लोकांच्या साक्षी तिने नोंदविल्या. १९२९ च्या जून महिन्यात अहवाल तयार झाला.

त्या अहवालाचा गाभा मला फार व्यवहारी वाटतो. समितीने पाहिले, की संमतिवयाचा कायदा लोकांना ठाऊकच नाही. आणि ठाऊक असला, तरी चार भिंतींच्या आत घडणाऱ्या गोष्टीची फिर्याद कोण करणार? दहा-अकरा वर्षांची सून सासरच्यांविरुद्ध चावडीवर जाईल, ही कल्पनाच करवत नाही. म्हणून घरात घडते त्याच्या मागे लागण्यापेक्षा, चारचौघांत वाजतगाजत होते ते लग्नच कायद्याच्या कक्षेत आणा, असा समितीचा सल्ला. मुलीचे वय किमान चौदा. आणि याच्या जोडीला समितीने आणखी एक गोष्ट सुचविली: लग्नांची नोंदवही ठेवा, जन्माच्या नोंदी चोख करा, लोकांना वयाचे दाखले मिळू द्या. वकील माणूस; पुराव्यावाचून खटला उभा राहत नाही, हे मोरोपंतांना सांगायला नको होते.

सप्टेंबर १९२९ मध्ये सारडांचे विधेयक मंजूर झाले. मुलीला चौदा, मुलाला अठरा. कायदा लागू व्हायची तारीख ठरली १ एप्रिल १९३०. नोंदवहीची सूचना मात्र कायद्यात उतरलीच नाही.

आणि मग जे झाले ते आपल्या लोकांच्या हिकमतीला साजेसेच झाले. मधले सहा महिने म्हणजे पर्वणी! कायदा यायच्या आत उरकून घ्या, म्हणून देशभर लग्नांचा धडाका उडाला. रांगत्या मुलांना बाशिंगे बांधली, ताटात बसवून मंगळसूत्रे घातली. १९२१ च्या शिरगणतीत पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुली सुमारे ८५ लाख होत्या. १९३१ मध्ये त्यांची संख्या सव्वा कोटीच्या जवळ गेली. बालविवाह थांबविण्यासाठी केलेल्या कायद्याने पहिल्याच फेरीत बालविवाहांचे पीक काढले.

माझी आजी त्या पिकातली. दर्यापूरकडच्या एका गावी १९३० च्या फाल्गुनात तिचे लग्न लागले. त्याच मांडवात तिच्या थोरल्या बहिणीचेही लागले, कारण दोन लेकींना दोन मांडव कोण घालतो? पुढे म्हातारपणी निराधार योजनेच्या कागदांसाठी तिचे वय विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सारड्याच्या साली मी सहा वर्साची होती." जन्मनोंद नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, वयाचा एवढाच पुरावा तिच्यापाशी होता. जो कायदा तिचे लग्न अडवू शकला नाही, त्याने तिला निदान वय तरी दिले!

कायद्यात पळवाटा किती होत्या ते सांगितले तर हसू येईल. गुन्हा दखलपात्र नव्हता, म्हणजे पोलिसाने आपण होऊन हात घालायचा नाही. कोणी तरी फिर्याद केली पाहिजे, तीही लग्नानंतर वर्षाच्या आत, आणि ती केवळ जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे. मंगरुळचा माणूस अकोल्याला जाणार, मोर्शीचा अमरावतीला. शिवाय फिर्याद खोटी ठरली तर म्हणून शंभर रुपयांपर्यंतचा जामीन फिर्याद्यानेच भरायचा. शेजाऱ्याच्या पोरीसाठी शंभर रुपये कोण अडकवील? शिक्षा तरी काय, फार तर महिनाभर साधी कैद किंवा हजार रुपये दंड. आणि लागलेले लग्न कायमच. हद्द ओलांडून संस्थानात गेले तर तेवढेही भय नाही.

यातूनही खटला उभा राहिलाच, तर वय सिद्ध कसे करायचे? गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवी खरी. आजही जातीच्या दाखल्यासाठी आमच्याकडे लोक 'कोतवाल बुकाची नक्कल' काढायला तहसिलीत खेटे घालतात. पण त्या बुकात बहुधा बापाचे नाव असते आणि पुढे नुसते 'मुलगी'. बारशाआधी झालेल्या नोंदीत नाव कोठून येणार? पाच मुलींच्या बापाने कोणती नोंद कोणत्या मुलीची सांगावी, ते त्याच्याच मर्जीवर. मोरोपंतांनी मागितलेला दाखला म्हणजे काय चीज होती, ते अशा वेळी कळते.

मग वऱ्हाडात बदल झाला तो कशाने? माझ्या मते दोन गोष्टींनी. एक म्हणजे इथल्या लोकांना त्यांच्याच बोलीत बोलणारी माणसे मिळाली. शेंडगावच्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, हातात खराटा घेऊन गावोगाव कीर्तने केली. बाबा वयाचे कलम सांगत बसले नाहीत. ते बापाच्या खिशाला हात घालीत. कर्ज काढून लग्न करू नका, मानपानापायी वावर गहाण टाकू नका, ताट मोडा पण पोरांना शिकवा, हा त्यांचा धोशा. लग्नाचा खर्च हेच लवकर लग्नाचे एक मोठे कारण असल्याने बाबांचा बाण बरोबर मुळावर बसे. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत 'महिलोन्नती'साठी स्वतंत्र अध्याय घातला आणि खंजिरीवर तो विचार घरोघर पोचविला. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि १९२७ साली त्यांनी जातीबाहेरच्या, शिकलेल्या विमलाबाईंशी लग्न केले; त्याच विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याने असे लग्न केले, याचा गावच्या मनावर व्हायचा तो परिणाम झालाच.

दुसरी गोष्ट शाळा. पंजाबरावांनी १९३२ साली अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि तिच्या शाळा पुढे विदर्भाच्या खेड्यापाड्यांत गेल्या. मी स्वतः जन्मभर खेड्यातला शाळामास्तर. शाळेत 'दाखल-खारीज' नावाचे एक जाडजूड रजिस्टर असते. मुलीचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख त्यात एकदा चढली की ती मिटत नाही. ती तारीख तरी खरी असे का? पुष्कळदा नसे. बाप म्हणे, "मास्तर, टाका तुमच्या मनानं." मग मास्तर जून-जुलैतली पहिली तारीख टाकून मोकळा. आमच्या पिढीतल्या निम्म्या वऱ्हाडाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, यात ज्योतिषाचा काही भाग नाही! पण अशी ओबडधोबड का होईना, मुलीच्या नावापुढे एक तारीख आली. पूर्वी तिचे वय बापाच्या तोंडी असे. आता ते सरकारी कागदावर आले. आज वयाचा वाद निघाला तर कायदा प्रथम शाळेचाच दाखला मागतो.

यातली मेख अशी, की मुलगी शाळेत टिकली तरच त्या रजिस्टराला जीव. सातवीनंतर पुढची शाळा तीन कोसांवर; पावसाळ्यात नाल्याला पूर; वाटेवर टवाळ पोरे. बाप वाईट नसे. तो धास्तावलेला असे. पोर घरी बसली की आई कापूस वेचायला तिला सोबत नेई, आणि वर्षभरात पाहुणे येऊन जात. म्हणून मी असे मानतो, की १९८५-८६ पासून महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत मिळालेले मोफत शिक्षण आणि खेड्यातल्या मुलींना मिळालेला एस.टी.चा मोफत पास यांनी जेवढी लग्ने पुढे ढकलली, तेवढी कोणत्याही फौजदाराने ढकलली नसतील. अहिल्याबाईंचे नाव त्या पासाला दिले आहे, तेही शोभून दिसते. मागाहून मुलींसाठी निळ्या गाड्या आल्या, सायकली आल्या. सकाळच्या गाडीत दप्तर मांडीवर घेऊन खिदळणाऱ्या मुली पाहिल्या, की मला रानड्यांनी सांगितलेली आतली समजूत आठवते. ती कधी कधी अशी तिकिटाविना प्रवास करते.

कायदाही हळूहळू पुढे सरकला. १९४९ मध्ये मुलीचे वय पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा. २००६ चा नवा कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला. त्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची आणि दंड लाखापर्यंतचा, गुन्हा दखलपात्र, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, लहानपणी लागलेले लग्न सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत रद्द करून मागायचा मुलीला हक्क. रखमाबाईंनी जे मागितले, ते द्यायला देशाला सव्वाशे वर्षे लागली. महाराष्ट्राने गावपातळीवर या कायद्याची जबाबदारी ग्रामसेवकावर टाकली, आणि अंगणवाडी सेविकेला त्याच्या साहाय्याला दिले. गावच्या जन्माची नोंद ग्रामसेवकाकडे, लग्नाची नोंद त्याच्याकडे. मोरोपंतांच्या समितीने मागितलेली दोन्ही बुके अखेर एका टेबलावर आली!

मग प्रश्न मिटला का? नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २६ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा सुमारे २२ होता. कमी झाला हे खरे. पण पाचांतली एक लेक हा काही किरकोळ हिशेब नव्हे. २०२० मध्ये महामारीने शाळांना कुलपे लागली आणि शेतमजुरांच्या घरी पुन्हा घाईची बोलणी सुरू झाली. शाळा हेच कुंपण होते, याचा याहून वेगळा पुरावा नको. २०२३ पासून राज्याने 'लेक लाडकी' योजनेत गरीब घरच्या मुलीला टप्प्याटप्प्याने मदत ठेवली आहे. तिच्यातले ७५ हजार रुपये मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर मिळतात. अठराव्या वर्षाला बापाच्या लेखी काही किंमत यावी, ही त्यातली युक्ती गाडगेबाबांनाही पटली असती.

कधी कधी शाळेत एखादा बाप येई आणि आठवी-नववीतल्या मुलीची टी.सी. मागे. कारण विचारले तर मामाच्या गावी शिकवायचे आहे, असे सांगे. मी त्याच्यापुढे रजिस्टर उघडून मुलीच्या नावावर बोट ठेवी आणि तिला किती वर्षे कमी आहेत ती बेरीज त्यालाच करायला लावी. काही बाप टी.सी. घेऊन जात. काही रजिस्टराकडे पाहून थांबत आणि म्हणत, "राहू द्या मग मास्तर, दहावी होऊ द्या." अशा मुलींपैकी एक आज आमच्याच तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तुळशीचे लग्न झाले, की ती गावातल्या ठरलेल्या लग्नांची यादी करते आणि प्रत्येक नवरीचा शाळेचा दाखला मागायला दारोदार जाते. येत्या आठवड्यात ती पुन्हा निघेल. ती आपल्या दारी आली, तर फराळाची बशी पुढे करा, आणि दाखलाही काढून ठेवा.